रंगीत काढ

पहिला दांडा अभयच्या गुडघ्यावर बसला, तेव्हा हिमांशूचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता.

हर्सूलचा तलाव तो नेहमी दोनदा टिपायचा. आधी रंगीत, मग कॅमेऱ्यावरची चकती फिरवून काळापांढरा. रंगीत फोटोत पाणी शेवाळानं हिरवंगार दिसायचं, काठावरच्या पिशव्या डोळ्यात खुपायच्या. काळ्यापांढऱ्यात तोच तलाव कसा शांत, खानदानी वाटायचा. आत्ताही चकती काळ्यापांढऱ्यावरच होती. छोट्या काचेतून त्याला दिसला एक मुरमाचा टिप्पर, पुढं पडलेला एक पोरगा आणि टिकावाच्या दांड्यांनी त्याला झोडपणारी तीन माणसं. हे सगळं कधीतरी होऊन गेल्यासारखं वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी. त्यानं डोळा कॅमेऱ्यापासून बाजूला घेतला. पोराचा शर्ट पिवळा होता आणि गळ्यापासून खाली लाल होत चालला होता.

अभय काठावरच्या वस्तीतला. तलावात मुरूम लोटून वर प्लॉट पाडायचं चाललं होतं, आणि हा शहाणा एकटाच टिप्परला आडवा गेला होता.

"तलाव तुपल्या बापाचा हाय का रे?" विश्वजीतनं विचारलं. टिप्पर त्याचा, प्लॉटही त्याचेच. आवाज अगदी घरातल्यासारखा.

"तुपल्याबी बापाचा नाय," अभय म्हणाला.

पुढचा दांडा तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज हिमांशूपर्यंत आला.

आता खरं तर त्यानं ओरडायचं, दगड उचलायचा, गेला बाजार फोन तरी लावायचा. त्यानं काय केलं? ट्रायपॉडचे पाय आवळायला घेतले! बँकेतला सरळमार्गी माणूस, उस्मानपुऱ्यात घर, भांडणाचा आवाज आला की खिडकी लावून घेणारा. एक पाय काही केल्या आत जाईना.

"ए कॅमेरेवाले! क्या देखरा बे?" तिघांतला एक ओरडला.

विश्वजीत दांडा काखेत मारून त्याच्याकडं चालत आला. "शूटिंग केली का?"

"नाही हो दादा. मी फक्त तलावाचे फोटो काढतो."

"दाव."

विश्वजीतनं फोटो पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "हे काय मयतीच्या फोटोवानी? रंगीत निघत नाय का?"

"निघतो."

"मग चल. आमचा काढ. रंगीत काढ."

दोघांनी अभयला बगलेत हात घालून उभं केलं. त्याचा एक पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. विश्वजीतनं त्याचे केस मुठीत धरून तोंड वर ओढलं. "लाल दिसलं पायजे. वस्तीतल्या एकूण एक मोबाईलवर जाणार हाय ह्यो. बघतो ना, उद्यापासून कोण येतंय टिप्परपुढं."

हिमांशूनं चकती फिरवली. ऊन त्या तिघांच्या पाठीवर होतं, तोंडं काळी येत होती. आणि त्याच्या तोंडून, देव जाणे कसं, निघून गेलं, "जरा इकडं वळता का? तोंडावर ऊन येऊ द्या."

ते वळले. लग्नातल्या पाहुण्यांसारखे निमूट वळले. एकानं तर केसावरून हातही फिरवला. वळवताना अभयचं हाड आत करकरलं आणि तो गुरासारखा हंबरला. हिमांशूनं बटण दाबलं.

विश्वजीतनं स्वतःचा नंबर त्याच्या मोबाईलवर टाकला आणि एक रिंग देऊन त्याचाही घेतला. "सांजच्याला पाठव. अन् कुणाला दावायचा त्याला दाव. विश्वजीतनं केलं म्हणून सांग."

त्यांनी अभयला सोडून दिलं, तो तोंडावर पडला. टिप्परनं मुरूम तिथंच ओतला, त्याच्या डोक्याच्या एवढा जवळ की खडे गडगडत त्याच्या पाठीवर चढले. धूळ उडाली. टिप्पर गेला.

आता हिमांशू धावला. आता धावायला काय जातं! त्यानं रुग्णवाहिका बोलावली, हातानंच पाठीवरचा मुरूम बाजूला केला, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागला. स्वतःची एवढी किळस त्याला कधीच आली नव्हती.

"पुसून टाकतो रे मी. आत्ता, तुझ्यासमोर पुसतो. कुणाच्या मोबाईलवर जायचा नाही."

अभयनं कॅमेऱ्याचा पट्टा पकडला. बोटं रक्तानं चिकट झाली होती, पण पकड सुटेना.

"पुसू नका काका. तोंडं आली का त्यांची?"

हिमांशूनं फोटो पाहिला. तिघंही लख्ख उन्हात होते. विश्वजीतच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता.

"आली."

"मग ठाण्यात द्या."

"त्यांच्याकडं माझा नंबर आहे रे."

"भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"मलाबी लई वाटतंय." अभयनं बाजूला तोंड करून थुंकी टाकली, तिच्याबरोबर दाताचा तुकडा पडला. बराच वेळ त्याला श्वासच जमेना. मग त्यानं पट्टा पुन्हा ओढला.

"ठाण्यात हाय तसाच द्या. फकस्त मपल्या मायनं मागितला, तर तिला काळापांढरा करून दावा."