उन्हाचा पूर

“दहाच्या आत गळ टाका, साहेब. ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो. पाणी गढूळ होतं, ट्राउट तळाला दडून बसतो आणि नदी चढते,” असं दोलेरामनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. हिमाचलातल्या त्या नदीवर पर्यटकांना मासे धरायला नेण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

घारपुरे बारा वाजता उगवले आणि दगडांवर पाय देत नदीतल्या मोठ्या खडकावर जाऊन उभे राहिले. “आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि म्हणे नदी चढेल. अरे, पाटबंधारे खात्यात हयात गेली माझी. पूर पावसानं येतो, उन्हानं नाही. तुम्हा अडाण्यांना कोण शिकवणार?”

काठावर बसलेल्या नलिनीताईंना हा सूर पाठ होता. याच सुरात नवऱ्यानं आजवर डॉक्टरांना औषधं शिकवली होती आणि बायकोला वरणाची फोडणी.

तासाभरात पाणी राखाडी झालं. गळाला मासा सोडाच, साधा झटकाही बसला नाही. येतानाचे दगड बुडाले, बूट भिजले, तसे घारपुरे ओरडले, “वरच्या धरणातून पाणी सोडलंय. आधी सूचना द्यायची पद्धत नाही का इथे?”

वर धरण नव्हतंच. नुसता बर्फ होता, उन्हात लखलखणारा.

दोलेराम दोर घेऊन धावला. नलिनीताईंनी त्याला हातानं अडवलं.

“थांब जरा. त्यांचं शिकवून होऊ दे.”