फीमाफीचं भांडण

“रडत बसू नको. रडलीस की लोकं समजूत काढायला बसतेत. ओरड,” चावडीच्या पायऱ्या चढता चढता श्रीमंत आपल्या बायकोच्या कानाशी पुटपुटला.

“व्हय,” प्रेमाबाई म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

दसरा नुकताच झाला होता. आत तलाठीसाहेब पंख्याखाली बसले होते. पंच म्हणून शेजारचा दगडोबा आणि गावातले दोन म्हातारे. प्रेमाबाईचा भाऊ मल्हार माकणीहून मुद्दाम आला होता, तो दाराशी खाली मान घालून उभा होता. मल्हार रीतीचा माणूस. याआधी दोनदा बहीण रुसून माहेरी गेली, तेव्हा दोन्ही वेळा त्यानंच तिला जीपमध्ये घालून परत आणून सोडलं होतं. आजच्या बेतातलं त्याला काही सांगायचं नाही, असं प्रेमाबाईनंच ठरवलं होतं. “त्याला खोटं जमत न्हाय. तोंडावर दिसतंय,” ती म्हणाली होती.

भानगड अशी होती. त्यांच्या पोरीचा, करिश्माचा, लातूरला बी.फार्मला नंबर लागला होता. मुलींना फी माफ, पण घरचं उत्पन्न मर्यादेत पाहिजे. श्रीमंत लोहाऱ्यातल्या एका शाळेत शिपाई, कायम नोकरीतला. “तुमचा पगार आड येतोय,” प्रेमाबाईनं एका सकाळी चहा देताना सांगितलं.

श्रीमंतला वाईट वाटायला हवं होतं. त्याची छाती फुगली. मर्यादा किती, हे त्यानं विचारलं नाही. पोरीच्या कागदांत त्यानं कधी डोकं घातलं नव्हतं. दाखले, झेरॉक्स, सेतूवरची रांग ही मायलेकींची कामं. शाळेत मात्र त्यानं हेडमास्तरांपासून सगळ्यांना ऐकवलं, “सरकारला बी माझा पगार लई वाटायलाय.”

वाटही प्रेमाबाईनंच काढली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा दाखला मिळाला की एकट्या आईचंच उत्पन्न धरतात. आणि शिलाई मशीनवर आई मिळवून मिळवून काय मिळवणार? “थोडे दिवस माकणीला ऱ्हाते. काम झालं की घेऊन जावा.” श्रीमंतनं मांडीवर थाप मारली. बायकोला डोकं आहे, हे त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसलं.

“बोला बाई, काय तक्रार?” तलाठीसाहेबांनी विचारलं.

“तक्रार?” प्रेमाबाई म्हणाली. “साहेब, माझा बाप मेला तवा ह्या माणसानं मला एसटीच्या तिकिटाला पैसं दिलं न्हाईत. मशीन माझी, पाय माझं, अन् पैसं ह्याच्या खिशात. शेजारणीकडं हात पसरून म्या माकणी गाठली, तवर राख गार झालती.”

झकास, श्रीमंत मनात म्हणाला. खऱ्यातलं घेतलं म्हणजे खोटं उठून दिसत नाही.

“कालवणात मीठ जादा झालं म्हणून कढत कालवण अंगावर. हे बघा.” तिनं बाही वर सारली. दगडोबानं तोंड फिरवलं. “पोरगी दारात उभी हुती. हातात पुस्तक. तिला म्हणतोय, बघून ठेव, तुला बी नांदायचंय.”

मग ती नवऱ्याकडं वळली.

“तू माणूस हायस का रं, श्रीमंत?”

नवऱ्याचं नाव. एकेरी. तेही पंचांसमोर. श्रीमंतच्या कानशिलात रक्त चढलं, हात उठायलाच लागला होता, पण फी आठवली. अस्सल करतीय, त्यानं स्वतःला समजावलं, आणि तिनंच घोटून घेतलेलं आपलं वाक्य म्हटलं.

“म्या हिला टाकली. माझा हिचा संबंध न्हाय. कुठंबी ऱ्हाऊ दे, म्या न्यायला जाणार न्हाय.”

“पुन्यांदा म्हण,” प्रेमाबाई म्हणाली. “मल्हारला ऐकू गेलं न्हाय.”

श्रीमंत पुन्हा म्हणाला. या खेपेला चांगला खणखणीत. मल्हारनं मान वर केली आणि बराच वेळ दाजींकडं बघत राहिला.

त्याच दुपारी टेम्पोत मशीन चढली, दोन शेळ्या चढल्या, तिच्या आईनं दिलेली तांब्याची घागरही चढली. “एवढं सगळं?” श्रीमंतनं हळूच विचारलं. “मशीन घरात दिसली तर साहेबाला संशय यील,” ती म्हणाली. बाईला खरंच डोकं होतं.

दिवाळीच्या तोंडावर दाखला मिळाल्याचं कळलं. तोवर श्रीमंतची हातानं चहा करून बोटं भाजली होती आणि शाळेत चुरगळलेला शर्ट घालून जायची पाळी आली होती. पाडव्याच्या सकाळी त्यानं लोहाऱ्यात एक साडी घेतली आणि माकणीच्या जीपमध्ये बसला.

प्रेमाबाई मल्हारच्या ओसरीत ब्लाऊज शिवत होती.

“चल, आवर. झालं तुझं नाटक.”

तिनं वर पाहिलं नाही. मशीनवरचा पायही थांबला नाही. मल्हार मात्र उठून मध्ये आला.

“कुठं न्यायलाव, दाजी?”

“घरी. कुठं म्हंजे?”

“पंचांसमोर टाकली म्हणालाव की. दोनदा. मला पहिल्याच खेपेला ऐकू आलतं.”

“आरं येड्या, ते खोटं हुतं.” श्रीमंतनं साडीची पिशवी ओसरीवर आपटली. “करिश्माच्या फीसाठी. माझा पगार आड येत हुता म्हणून तुझ्याच बहिणीनं हे सगळं रचलं. बाईमाणूस घरात ठेवायचं म्हंजे डोक्याला ताप. इचार तिला.”

मल्हारनं बहिणीकडं पाहिलं. मशीन चालूच होती.

दिवाळीच्या सुट्टीला आलेली करिश्मा हात पुसत बाहेर आली. श्रीमंतच्या जिवात जीव आला.

“तूच सांग गं मामाला. तुझी फी कशानं माफ झाली?”

“बाबांच्याच पगारावर, मामा,” करिश्मा म्हणाली. “मर्यादेच्या लई खाली हाय तो. दसऱ्याच्या आधीच माफ झालती.”