एक मिरची कमी

शेजारच्या मंदाकिनीबाईंच्या स्वयंपाकयंत्राने आजही आमटी बिघडवली. त्यांच्या सासूबाईंच्या वहीत जिथेतिथे ‘अंदाजाने’ लिहिलेलं, आणि यंत्राला कसला आलाय अंदाज!

दमयंतीचं यंत्र मात्र तिच्या आईच्या वहीवरून शिकलं होतं. ‘खोबऱ्याचा खमंग वास सुटला की गॅस बंद कर, रंगाची वाट बघू नकोस,’ असं आई लिहायची.

“रेसिपी लिहितेस की कादंबरी?” दमयंती तिला चिडवायची. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

आज आमटी करताना यंत्राने दमयंतीने काढून दिलेल्या तीनपैकी एक मिरची परत ठेवली.

“का रे?”

“वहीत लिहिलंय, ‘दमूला तिखट सोसत नाही, पण ती कबूल करायची नाही. तिला न सांगता एक मिरची कमी घाल.’ माफ करा, सांगायचं नव्हतं.”

दमयंतीने हात पुसले आणि वहीला वाकून नमस्कार केला.