बाहेरची माणसं

माझी बायको वृंदा गेली त्या दिवशी मेहुण्यानं तिच्या पुण्याच्या कंपनीला फोन करून कळवलं. फोन ठेवून तो म्हणाला, "दाजी, ती घरी बसून ज्यांचं काम करायची, त्या नेदरलँड्सच्या लोकांना काय फरक पडणार? कंत्राटावरची माणसं म्हणजे त्यांना बाहेरचीच. उद्या दुसरी कुणी बसेल तिच्या जागी. नावसुद्धा आठवणार नाही."

मलाही तसंच वाटायचं, आणि तेव्हा ते बरंच वाटलं. तिच्यासाठी रडणारे फक्त आम्हीच.

चार दिवसांनी लॅपटॉप न्यायला कंपनीची मुलगी आली. तिनं तिच्या फोनवरून नेदरलँड्सच्या साहेबाला व्हिडिओ कॉल लावून दिला. पिकल्या केसांचा माणूस, डोळे सुजलेले. त्यानं मला विचारलं, "डबा खाल्ला का?"

चक्क मराठीत, वृंदाच्याच चालीत.

"हे कुणी शिकवलं?"

"मॅडमनी," ती मुलगी म्हणाली. "तिथं सगळे दुपारी एकमेकांना हेच विचारतात. त्यांच्या जागी इतक्यात दुसरं कुणी नको म्हणालेत."

दुपारी गॅरेजवर वृंदाचा फोन यायचा तो एवढंच विचारायला. हे ती फक्त मलाच विचारते, असं मी धरून चाललो होतो. त्या माणसाचा असा राग आला की मी फोन त्या मुलीच्या हातात परत दिला.

तेराव्याला नेदरलँड्सच्या त्या लोकांना तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, व्हिडिओ कॉलवरून. मेहुणा रोज विचारतो, "दाजी, लिंक पाठवू का?" उद्या तेरावा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.