ठिपके नसलेली खोली

टेबलावर पसरलेल्या नकाशावर हिरव्या टिकल्यांचा सडा पडला होता. पंधरा दिवस प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने, जिथे कुणाशी कामाचं बोलणं झालं तिथे एक टिकली चिकटवायची, असा नियम आर्किटेक्टनेच घालून दिला होता. नव्या प्रयोगशाळेत माणसांनी एकमेकांशी बोलावं, एकमेकांच्या कामाला हात लावावा, अशी विद्यापीठाची इच्छा होती. कॉफीच्या मशीनपाशी टिकल्यांवर टिकल्या बसल्या होत्या. जिन्यातसुद्धा नऊ होत्या. कोपऱ्यातली एक खोली मात्र कोरी होती.

"ही भिंत जाईल," आर्किटेक्ट म्हणाला. "इथे मोठं सामाईक टेबल येईल. या खोलीत पंधरा दिवसांत कुणी कुणाशी एक शब्द बोललेलं नाही. जागा नुसती वाया जातेय."

ताई उभ्या राहिल्या. त्या इथल्या तंत्रज्ञ. ती खोली एकोणीस वर्षं त्याच सांभाळत होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा.

"अहो, तिथे बोलायचंच नसतं," त्या म्हणाल्या. "पेशी वाढवतो आम्ही तिथे. मास्क लावून, श्वास जपून काम करावं लागतं. उघड्या डिशवर कुणी बोललं की तिसऱ्या दिवशी बुरशी. तोंड बंद ठेवतो म्हणून तर त्या जगतात."

कुणीतरी हसलं. आर्किटेक्ट हसला नाही. बिचाऱ्याला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने विभागप्रमुखांकडे पाहिलं.

त्या खोलीतल्या उबदार कपाटात अकरा आजारी मुलांच्या पेशी होत्या. गोठवल्या तर त्या पुन्हा उठत नाहीत, म्हणून दिवसाआड खाद्य बदलून ताईंनी त्या तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. अकरांपैकी चार मुलं आता हयात नव्हती. त्यांच्या पेशी पुन्हा मिळणार नव्हत्या.

"तोडफोड सोमवारी सुरू," विभागप्रमुख म्हणाले. "कुलगुरूंनी उद्घाटनाची तारीख दिलीये."

"सर, आधी दुसरी बंद खोली द्या. तीन आठवडे द्या. मी सगळं हलवते, मग खुशाल भिंत पाडा. धूळ आत शिरली तर एकही डिश वाचणार नाही."

"ताई, तुम्हाला त्या खोलीची सवय झालीये, बाकी काही नाही." मग ते सगळ्यांकडे वळले. "ही आपल्या सगळ्यांची जागा आहे. मोकळेपणाने बोला. कुणाला काही अडचण?"

टेबलाभोवती सात संशोधक बसले होते. सातही जणांचे प्रयोग त्याच कपाटावर चालत होते आणि सातही जणांच्या बढतीच्या फायली सरांच्याच हातून पुढे जायच्या होत्या. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. एकाला पेनाचं टोपण सापडेना. चेतापेशींवर काम करणारी बाई, जी रोज सकाळी "ताई, माझी बाळं कशी आहेत?" म्हणून विचारायची, ती खिडकीबाहेर काय पाहत होती तिलाच ठाऊक. ताईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. लाज कुणाची, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"म्हणजे सर्वानुमते ठरलं," विभागप्रमुख म्हणाले. टाळ्या वाजल्या.

ताई खोलीत परतल्या. मास्क आणि हातमोजे चढवून त्यांनी पहिली डिश बाहेर काढली. खाद्य बदलायची वेळ झाली होती. सोमवारचं सोमवारी.

दार किलकिलं करून चेतापेशींवाली बाई आत आली. "ताई, माझ्या दोन तेवढ्या तुमच्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये ठेवता येतील का हो? बाकीच्यांचं मी काय बोलणार?" डोळे टिपत ती निघून गेली. तिच्यामागून टोपण हरवलेला आला. त्याला स्वतःच्या एकाच डिशची काळजी होती. संध्याकाळपर्यंत सातही जण येऊन गेले. प्रत्येकाने बोलायच्या आधी दार लावून घेतलं.

सगळ्यात शेवटी विभागप्रमुख स्वतः आले. ताईंना एकदम बरं वाटलं. माणूस चारचौघांत ताठ असतो, एकटा असला की विचार करतो, असं त्यांच्या मनात आलं. हातातली डिश झाकून त्या उठल्या.

सरांनी आवाज खाली आणला.

"ताई, शेजारच्या इमारतीतल्या कपाटात मी सांगून ठेवलंय. एकच कप्पा मिळालाय. माझ्या तीन डिश रविवारी सकाळी तिकडे नेऊन ठेवा. आणि हे बाकी कुणाशी बोलू नका."