वाकडी अळी

अलाबामातल्या तळ्याच्या धक्क्यावर बसून व्हर्ना बास मासा धरायची तयारी करत होती. पाणी गढूळ होतं, अशा पाण्यात माशाला काळी अळीच नीट दिसते, तरी ती सोडून तिने फिकट हिरवी रबरी अळी उचलली आणि गळावर वाकडीतिकडी ओवली. गळाचं टोकही उघडंच ठेवलं. शेजारी तिचा नवरा ओडेल बसला होता. पक्षाघात झाल्यापासून चार महिने तो एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"अगं बये," तो अडखळत म्हणाला, "टोक... टोक आत लपव! गवतात अडकेल ना!"

व्हर्नाचा जीव भांड्यात पडला. "मग तूच दाखव की."

तो चिडून शिकवत राहिला, आणि या तळ्यावरच्या मासेमारीच्या नऊ स्पर्धा जिंकलेली व्हर्ना डोळे पुसत, नवख्यासारखी मान डोलवत राहिली.