तोडलेली मुळं

पाणीटंचाईच्या भागात गव्हाची मुळं थोडी तोडली तर पीक कमी पाण्यात भागवतं, हे शेतीवर संशोधन करणाऱ्या मॅडमना सिद्ध करायचं होतं. म्हणून मजूर मावशींनी चार वाफ्यांत ओळीच्या कडेने सुरी घालून मुळं कापली. कापताना त्या प्रत्येक ओळीची माफी मागत होत्या.

“आता या वाफ्यांना निम्मंच पाणी, वर थेंबभरही नको हं,” मॅडमनी बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी घरून दहा लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन यायला लागल्या.

“अहो, एवढं पाणी पिता?” मॅडम हसायच्या.

“ऊन केवढं आहे,” एवढं बोलून मावशी खांदा चोळत कामाला लागायच्या.

कापणीला त्या चार वाफ्यांनी कमाल केली. बाकीच्या वाफ्यांइतकाच गहू उतरला, तोही निम्म्या पाण्यात! मॅडमचा आनंद गगनात मावेना.

“मावशी, जिंकलो आपण! पुढच्या वर्षी पाच एकरांतली मुळं तोडायची. तुमच्या मदतीला दहा बायका देते.”

मावशींचा खांदा आत्तापासूनच ठणकायला लागला होता.

“दहा जणींनी काय होतंय, मॅडम? या चार वाफ्यांनाच रोज आख्खा कॅन लागत होता.”